गॅलरीतलं मशीन

राखीला बघायला मनमाडला गेलो, तेव्हा त्यांच्या अंगणात गवत कापायचं एक जुनं मशीन होतं. हाताने ढकलायचं, फिरत्या पात्यांचं, पण अगदी चकाचक. पोहे खाताना काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "वा, काय जपलंय!" राखीचे वडील उठले, मला घट्ट मिठी मारली आणि त्यांचे डोळे भरून आले. लग्नात डोळे पुसत त्यांनी ते मशीन मलाच दिलं. जिवापाड जपलेली वस्तू देताना माणसाला भरून येणारच, असं मला वाटलं.

तेव्हापासून नाशिकरोडला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझा प्रत्येक रविवार गंज घासण्यात, ग्रीस भरण्यात आणि कागदाची पट्टी कापून धार बघण्यात जातो. खाली सगळे पेव्हर ब्लॉक, गवताची काडी नाही. विकायचं म्हटलं की राखी म्हणते, "बाबांचा जीव होता हो त्यात." नातेवाइकांना तर वाटतं, मला याचा नादच आहे. भंगारात असं मशीन दिसलं की ते उचलून माझ्याकडे आणतात. आता गॅलरीत चार झालीत, कपडे वाळत घालायला जागा नाही.

आज आमच्या रोशनीला बघायला मुलगा आला. पोहे खाता खाता त्याची नजर गॅलरीकडे गेली.

"काका, एकदम भारी ठेवलीत हो मशिनं!"



मी उठून त्याला घट्ट मिठी मारली, आणि माझेही डोळे भरून आले.