जुन्या पात्राची हद्द

एनिड हॅदर्सलने टेबलावर इस्त्री केलेलं कापड घातलं होतं. त्यावर चहाची किटली, केकचे चार तुकडे आणि राजाचं पदक असलेली लहानशी पेटी. चहा निवत चालला होता, कारण लेनर्ड पिकर्सगिल अजून फोनवर होते.

इंग्लंडात प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राजाचा एक प्रतिनिधी असतो. लेनर्ड त्याचे उपप्रतिनिधी. वय बाहत्तर. सकाळपासूनचा हा त्यांचा तिसरा समारंभ होता आणि बूट पायांना चावत होते.

"पुन्हा सांग, मोइरा."

"शेजारच्या काउंटीच्या कार्यालयाचा आत्ताच फोन आला," लेनर्डच्या कार्यालयातून मोइरा म्हणाली. "नकाशा समोरच आहे. हद्द जुन्या नदीवरून जाते. शहाऐंशीच्या पुरात नदी घराच्या मागे सरकली, कायद्यातली रेघ पुढेच राहिली. पोस्टाच्या पत्त्यावरून पदक आपल्याकडे आलं, पण घर त्यांचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या स्वयंपाकघरात तुम्ही राजाचे कुणी नाही. नुसते लेनर्ड."

"तो तर मी माझ्या घरीही असतो. त्यांची परवानगी विचार."

"विचारली. त्यांच्या प्रतिनिधी बाई परगावी आहेत. एकोणीस तारखेला परत आल्या की स्वतः येऊन देतील म्हणे."

लेनर्डनी फोन खाली धरून एनिडला सांगितलं. पुढच्या खोलीच्या दारात ब्रायोनी उभी होती, एनिडच्या नवऱ्याची, विल्फची नर्स. ती हळू आवाजात म्हणाली.

"एकोणीस फार लांब आहे. डॉक्टर दोन दिवस म्हणालेत. फार तर तीन."

एनिडने केकची ताटली उगाच सरळ केली. "मला नकोच होतं हो ते. अर्ज विल्फने केला, हात चालत होता तेव्हा. त्याने बघावं, एवढंच. पेटी ठेवा आणि जा. मी माझी लावून घेते."

"तसं ते पोस्टाने आल्यासारखं होईल, मिसेस हॅदर्सल. राजाच्या नावाने वाचून द्यायचं असतं. इथं ते नाव माझ्याकडे नाही."

"एवढं मोठं राज्य," एनिड म्हणाली, "आणि माझ्या शेगडीपाशी येऊन संपलं होय!"

लेनर्ड खुर्चीत बसले. चाळीस वर्षं शाळा चालवून त्यांना नियमांचा कंटाळा आला होता. मोडायची सवय मात्र कधी लागली नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"मोइरा, रेघ नेमकी कुठे आहे?"

"कोरड्या पात्राच्या मधोमध. घरापासून साठ पावलं, पश्चिमेला."

"ते पात्र विल्फच्या खिडकीतून दिसतं?" त्यांनी एनिडला विचारलं.

"दुसरं काही दिसतच नाही."

तिने निळ्या झग्याखाली रबरी बूट चढवले. ब्रायोनी विल्फला उशांवर टेकवून बसवायला गेली. एनिड आणि लेनर्ड खाजऱ्या झुडपांतून वाट काढत पात्रात उतरली. मेंढ्या बाजूला झाल्या. लेनर्ड पावलं मोजत होते.

"आलं का तुमचं राज्य?"

"आणखी चार."

चार पावलं झाली. त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि कागद उघडून शाळेच्या मैदानातल्या आवाजात वाचलं. एक्कावन्न वर्षं, रोज दोनदा, नदीची पातळी मोजून खालच्या सात गावांना कळवल्याबद्दल. मग पदक तिच्या झग्यावर टोचलं. पिन नीट बसेना, त्यामुळे दोनदा टोचावं लागलं.

"अभिनंदन. महाराजांच्या वतीने."

"सरका जरा," एनिड म्हणाली. "तुमच्या आड मी त्याला दिसत नाही."

लेनर्ड सरकले.

खिडकीत विल्फचा चेहरा काचेला जवळजवळ टेकला होता. तो बराच वेळ बघत राहिला. त्याचे ओठ हलले. ब्रायोनी वाकली, तिने ऐकलं, आणि खिडकी वर ढकलून बाहेर डोकं काढलं.

"ते विचारताहेत, पाणी किती आहे?"

लेनर्डनी पायाखाली पाहिलं. सुकं गवत होतं.

एनिडने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"उतरतंय!" ती ओरडली. "खाली सगळ्यांना कळवलंय. आता झोप म्हणावं त्याला."