खणातला पॉइंट

सुग्रीव वायरमनने टेबलाचा खण तीनदा ओढला, तीनदा लोटला आणि मागच्या फळीवर खडूने फुली मारली. केजहून जीपमध्ये कोंबून घेऊन एवढ्या लांब यायचं, ते एका पॉइंटसाठी, आणि तोही खणात! पण भिवराबाईंनी तीन निरोप धाडले होते.

टेबल गावच्या सोसायटीचं. सोसायटी बंद पडली तेव्हा तिथे शिपाई असलेल्या बाईंच्या नवऱ्याने ते घरी आणलेलं. खणाला कुलूप होतं आणि किल्ली बाईंच्या कमरेला.

“मावशी, नीट ऐका,” सुग्रीव म्हणाला. “मागून वायर जरा ढिली सोडतो, म्हंजी खण वढताना तुटायची न्हाई. हितं एक बटण बसवतो. खण लोटला की करंट बंद. बंद खणात चार्जर तापला तर टेबलासकट घर जळंल.”

“मंग मोबाईल चार्ज कसा व्हायचा?”

“खण उघडा ठिवून. तास-दीड तास.”

“तेच नको हाय मला. बंद खणातच झाला पाह्यजे.”

सुग्रीवला हसू आलं. दसरा झाला तशी अख्खी गल्ली ऊसतोडीला गेली होती. यंदा पाऊसच नाही, त्यामुळे म्हातारी माणसंही मागे थांबली नव्हती. टँकर यायचा तो एकट्या भिवराबाईंसाठी हॉर्न वाजवून जायचा.

“चोराचं भ्या वाटतं का? आवो, गल्लीत माणूसच न्हाई, चोर कुठून येणार?”

बाई हसल्या नाहीत.

“माझा ल्योक धर्मराज दर ऐतवारी फोन करतो म्हणून गेला. दोनदा आला. आता तीन ऐतवार झाले.”

“तुमी लावा की मग.”

“लावते. बंद हाय म्हणती ती बाई. उसात रेंज नसंल.” त्या खणाकडे बघत बोलत होत्या. “मोबाईल म्होरं आसला की म्या बघतच बसते. तव्यावरची भाकर करपती. वाजत न्हाई ते दिसतं ना. आत कोंडला म्हंजी म्हणता येतं, म्या टँकरवर गेलते, तवा वाजून गेला आसंल.”

आपण हसलो याची सुग्रीवला लाज वाटली. पण बटण त्याने बसवलंच. करंटच्या बाबतीत त्याने सख्ख्या आईचंही ऐकलं नसतं. स्क्रू आवळले, मोबाईल आत ठेवला, खण लोटला आणि बाईंनी सवयीने कुलूप घातलं.

“आवाज भायेर येतो का बघू,” म्हणत त्याने त्यांचा नंबर विचारला आणि लावला.

खणात मोबाईल वाजला. भिवराबाईंचा हात किल्लीकडे गेला. समोर सुग्रीव फोन कानाला लावून उभा आहे हे त्यांना दिसत होतं, तरी गेला.

“येतोय की आवाज,” म्हणून सुग्रीव फोन बंद करायला लागला.

“नका बाबा,” बाई घाईने म्हणाल्या. “वाजू द्या जरा.”

त्या खणाशेजारी भुईवर बसल्या. वाजून वाजून फोन आपोआप थांबला. सुग्रीवने आवरायला घेतलेली पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा नंबर लावला.