क्नोडलला सुरी

पाणी खळखळा उकळत होतं आणि बिर्गिट त्यात क्नोडल, म्हणजे बटाट्याचे गोळे, सोडायला निघाली होती. मालविकाला राहवलं नाही.

"आच कमी कर. एवढ्या उकळीत फुटतात ते."

"मालविका," बिर्गिट वळलीसुद्धा नाही, "ही तुझी करी नव्हे. क्नोडल रक्तात असावे लागतात."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! मालविकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं ती जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या या घरात सून म्हणून नांदत होती. वरच्या मजल्यावर सासूबाई, खाली ती, नवरा श्टेफान आणि मुलगी दिया. आज सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस. त्यासाठी म्युनिकहून आलेल्या या नणंदेने आठवड्यापूर्वीच फॅमिली ग्रुपवर यादी टाकली होती. रोस्ट आणि बटाट्याचे क्नोडल बिर्गिट करणार, केक श्टेफान आणणार, आणि सगळ्यात शेवटी, 'मालविका: काहीतरी इंडियन'. काहीतरी! मालविकाने मुकाट्याने मटकीची उसळ केली होती.

खरं तर गेली आठ वर्षं सणावाराला या घरात जे क्नोडल सगळे बोटं चाटत खात आले, ते मालविकाच्याच हातचे होते. सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकडी झाली तेव्हापासूनचे. पाहुणे यायच्या दोन तास आधी ती वर जायची, बटाटे किसायची, पिळायची, गोळे वळायची. उकडीच्या मोदकाला पाकळ्या काढणारा हात, त्याला गोळा काय जड? मग बेल वाजली की सासूबाई अ‍ॅप्रन बांधून दारात उभ्या राहायच्या आणि शाबासकी घ्यायच्या.

"बिर्गिटला सांगू नकोस," पहिल्याच वर्षी त्यांनी तिचा हात धरून म्हटलं होतं. "माझे हात गेले हे कळलं, तर ती मला वृद्धाश्रमात नेऊन टाकील."

मालविकाने शब्द दिला आणि पाळला. पण शाबासकी घेताना एकदा तरी तिच्याकडे नुसतं पाहायला काय झालं होतं?

पातेल्यात पहिले दोन गोळे फुटले, विरघळले, आणि पाण्याची पेज झाली. बिर्गिटने एक शिवी हासडली आणि उरलेल्या बटाट्यात दोन मुठी स्टार्च कोंबलं. "आता बघते कसे फुटतात!"

आता नाही फुटणार, दगड होतील, मालविका मनात म्हणाली. रक्ताला विचार म्हणावं.

जेवायला सगळे एकदमच बसले. बिर्गिटने प्रत्येकाच्या प्लेटमध्ये एकेक क्नोडल वाढला. उसळीचं भांडं टेबलाच्या टोकाला, फुलदाणीच्या मागे सरकलं होतं. श्टेफानला सगळं ठाऊक होतं. "जाऊ दे ना, एका दिवसाचा तर प्रश्न," असं जिन्यातच सांगून तो मोकळा झाला होता, आणि आता मूग गिळून रोस्टचे तुकडे करत होता.

या घरात क्नोडलला सुरी लावत नाहीत. तो काट्याने तोडायचा, आणि चांगला झाला असेल तर तो आपण होऊन उमलतो. सुरी लावणं म्हणजे करणारीच्या तोंडावर 'दगड झालाय' म्हणून सांगणं. दिया चार वर्षांची असताना तिने क्नोडलला सुरी लावली, तर तिचाच वाढदिवस असूनही सासूबाईंनी तिच्या हातावर चापट दिली होती. मालविका त्यानंतर दोन दिवस वर गेली नव्हती.

"तुझ्यासारखे झालेत ना, आई?" बिर्गिटने विचारलं. उत्तराची वाट न पाहता ती पुढे म्हणाली, "एकदा मालविकालाही शिकवते. बावीस वर्षं झाली, आता तिला यायला हवेत."

दियाने चमकून आईकडे पाहिलं. मालविकाच्या ओठांवर सगळं आलं होतं, आठ वर्षांचं. मग तिचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्यांचे दोन्ही हात टेबलाखाली होते, पाहुण्यांसमोर नेहमी असायचे तसे. मालविकाने पाण्याचा ग्लास उचलला आणि आलेलं सगळं घोटाबरोबर गिळलं.

सासूबाईंनी हात वर काढले. काटा घेऊन क्नोडलला टेकवला. गोळा प्लेटमध्ये घरंगळला, तुटला नाही. त्यांनी काटा खाली ठेवला आणि सुरी उचलली. वाकडी बोटं सुरीच्या मुठीवर नीट बसेपर्यंत बराच वेळ गेला. सगळे बघत राहिले. सुरी गोळ्यातून जाऊन प्लेटवर खट्‌कन आपटली.

"ओमा, सुरी?" दिया आजीला म्हणाली.

"आई!" बिर्गिट सुरीकडे नाही, हाताकडे पाहत होती. "हे काय झालंय तुझ्या हाताला?"

"आज नाही झालेलं. आठ वर्षं झाली." सासूबाईंनी प्लेट दूर सारली. "तेव्हापासून क्नोडल मालविका करते. मी फक्त अ‍ॅप्रन बांधते."

श्टेफानचा घास तोंडातच राहिला. सासूबाईंनी आठ वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांदेखत, सुनेकडे पाहिलं. "मालविका, खाली बटाटे आहेत का गं?"

"आहेत. उद्या करते तुमच्यासाठी."

मग ती उठली, फुलदाणीमागचं भांडं तिने उचललं आणि बिर्गिटच्या पुढ्यात ठेवलं.

"आजच्यापुरतं हे घे," ती म्हणाली. "काहीतरी इंडियन आहे."