उजवी वाटी

हैदराबाद राज्याचे एका दिवसात तीन तुकडे झाले, पण तातेरावांच्या जुन्या सायकलची एक वाटी तीन दिवस झाले तरी सुटेना. पायडलच्या एक्सलचे छर्रे धरणारी उजवी वाटी. ती काढल्याशिवाय पायडल फिरणार नव्हतं, आणि बंद सायकल घेऊन बदलीच्या गावी, औरंगाबादच्या नव्या कचेरीत हजर होणार नाही, असं तातेरावांनी जाहीर करून टाकलं होतं. कचेरीच्या दोन तारा येऊन गेल्या होत्या.

आजची गाडी चारची. तीन वाजले, तरी सायकल-मिस्त्री जब्बारभाई आणि तातेराव हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या दुकानात एकाच पान्याला लोंबकळत होते. तातेरावांच्या पत्नी मालनबाई समोर ट्रंकेवर बसून दर मिनिटाला रस्त्याकडे बघत होत्या.

"जंग पकड लिया साब, छोडताच नै," जब्बारभाई म्हणाला.

"अजून तेल सोडा," तातेराव म्हणाले. तेल मुरायला हवं म्हणून दोघांनी पुन्हा चहा मागवला. तीन दिवसांतला हा एकविसावा.

मालनबाई ताडकन उठल्या. "अहो, माझे वडील लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. उजवी वाटी उलटी फिरवली तर सुटते. तुम्ही दोघं तीन दिवस ती आवळताय!"

जब्बारभाई कपात बघायला लागला.

"माहीत आहे," तातेराव हळूच म्हणाले.

मालनबाईंनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा सायकलकडे, आणि परत ट्रंकेवर बसल्या.

"मग नीट आवळा," त्या म्हणाल्या. "अजून ढिली दिसतेय."