यंत्राखालचा पाट

वामनरावांनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि लाल व्हॅक्यूम क्लीनर घरघरत सुरू झाला. सुरूच राहिला. एक मिनिट झालं, दोन झाली, तरी वरचा पंखा फिरतच होता. वामनरावांची छाती अशी फुगली, जणू ते यंत्र त्यांनीच शोधून काढलं होतं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेली माणसं देवदर्शनाला जातात. वामनराव भंगारवाल्यांकडे जाऊ लागले आणि समोरच्या खोलीत अकरा जुने व्हॅक्यूम क्लीनर येऊन बसले. त्यात मान या लालचा. तो घरचा होता, लोखंडी अंगाचा, त्यांच्या पत्नी शुभदाताईंनी वीस वर्षं वापरलेला. एका सागवानी पाटावर त्याची स्थापना केली होती, गणपतीची करावी तशी.

अडचण एकच होती. मुलगा सलील दिवाळीत आला तेव्हा त्यानं मीटरजवळ एक नवा खटका बसवून घेतला. कुठं करंट लागला की तो आपोआप पडायचा आणि घरभर वीज बंद. लाल यंत्र सुरू करून त्याला हात लावला की हमखास पडायचा. “थोडंफार झिणझिणायचंच,” वामनराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. “आमच्या वेळी असले लाड नव्हते. मेलं का कोणी?”

आज फुलसावंगीचे उत्तमसिंग मास्तर संग्रह पाहायला येणार होते. ते स्वतः जुने रेडिओ जमवणारे, म्हणजे पारखी माणूस. त्यांच्यासमोर यंत्र बंद पडलं तर काय अब्रू राहणार? म्हणून वामनरावांनी सकाळीच लोहाऱ्याच्या अमर वायरमनला फोन करून सांगितलं, तो खटका काढून टाक, लाइन डायरेक्ट कर. मग ते आलूबोंडे आणायला गेले. परत आले तोवर अमर येऊन गेलाही होता.

“शुभदा, ऐकून राहिली ना आवाज?” ते आत बघून ओरडले.

शुभदाताई आल्या त्या हातात ओलं फडकं घेऊनच. फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी.

“मास्तर येतीलच आता. धूळ पाहा किती बसली याच्यावर,” म्हणत त्या वाकल्या.

“अगं, हात...” एवढंच वामनरावांच्या तोंडून निघालं. फडकं लोखंडाला टेकलं होतं.

“आई गं!”

आणि सगळं गप्प झालं. यंत्र, पंखा, आतला फ्रिज.

वामनरावांनी हात पुढे केले ते पुढेच राहिले. लाइन डायरेक्ट होती आणि ती त्यांनीच करायला लावली होती, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. पण शुभदाताई पडल्या नाहीत. त्या उभ्या होत्या, हात झटकत होत्या.

नेमकी आत्ताच लाइट गेली, देवच पावला, असं वामनरावांना वाटलं. तेवढ्यात शुभदाताईंनी पदराला हात कोरडा केला, बटण बंद केलं, यंत्राची पिन उपटली आणि मीटरजवळ जाऊन खटका वर केला. पंखा पुन्हा फिरू लागला.

“हा... हा तर अमरनं काढला होता.”

“मी काढू दिला नाही. चहा पाजला अन् वापस पाठवला. तो म्हणे, ‘काकू, आता काकाले काय सांगू?’ मी म्हटलं, काहीच नको सांगू. फडकं लावायची चूक मात्र माझीच हो. सवय गेली आता याची.”

एरवी आपलं सांगणं असं परस्पर फिरवलेलं वामनरावांना खपलं नसतं. दोन दिवस अबोला धरला असता. आज त्यांचा जीव असा भांड्यात पडला की ते ओल्या फरशीवरच बसले. बायको शेजारी टेकली तसा त्यांनी तिचा हात धरला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तो इतक्या निरखून त्यांनी कधी पाहिला नव्हता.

“तेव्हाही असंच लागायचं तुला?”

“लागायचं ना. दर शनिवारी झाडताना. सांगितलं होतं की मी तुम्हाला.”

“मग?”

“मग काय? तुम्ही पाट आणून दिला. म्हणालात, यावर उभी राहून झाड.”

शुभदाताई हसतच बोलल्या. त्यात राग असता तर वामनरावांना बरं वाटलं असतं.

मास्तर आले, दोन आलूबोंडे संपवून संग्रहाकडे वळले. लालपाशी येताच त्यांचे डोळे चमकले.

“हे चालू करून दाखवा ना, साहेब!”

“नाही,” वामनराव म्हणाले. “आता नाही चालवायचं ते.”

मास्तरांनी नाद सोडला. तळाशी कंपनीचा शिक्का असतो, तो पाहायला त्यांनी यंत्र दोन्ही हातांनी उचललं. त्यांची नजर खाली पाटावर गेली. चांगला गुळगुळीत सागवान, पण मधोमध दोन ठिकाणी पॉलिश पार उडालेलं.

“अन् हा पाट? हा बी मशीनसंगंच येत होता का? मंधातच काहून घासला असा?”

स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज थांबला.

“हिचे पाय आहेत ते,” वामनराव म्हणाले.

मास्तर यंत्र परत पाटावर ठेवायला वाकले.

“तिथं नका ठेवू,” वामनराव म्हणाले.