शेवटचा थांबा: तलाव

“तलाव! शेवटचा थांबा, उतरा!” कंडक्टरनं सवयीनं हाळी दिली. आजोबांचं बोट धरून नात उतरली. हातात माशांसाठी पावाचा चुरा. समोर भलामोठा मॉल. “काका, तलाव कुठाय?” कंडक्टरनं दाखवायला उचललेला हात अधांतरीच राहिला. उभी हयात याच रस्त्यावर गेली. तलाव गेला कधी? “पूल झाला तेव्हा बुजवला,” ड्रायव्हर म्हणाला. “छे, त्याच्याही आधी,” थांब्यावरचा चहावाला हसला. “मग बसवर पाटी कशाला मिरवता?” आजोबा भडकले. कंडक्टरनं आजोबा-नातीला मॉलच्या वॉचमनकडे नेलं. तो आधीच डोक्याला हात लावून बसलेला. “तलाव ठाऊक नाही बुवा. पण तळघरातलं पाणी पंप लावूनही हटेना. कुठून येतंय, देव जाणे!” जिना उतरून बघतात तर काळंशार पाणी डुलतंय. पोरीनं चुरा टाकला. “मासे कधी येणार?” “येताहेत मागच्या गाडीनं,” कंडक्टर सवयीनं म्हणाला आणि वाकून बघू लागला.