एक ते चाळीस नंबर

"हा निरोप आला कुठून?" रोस्मानीदार यांनी चटईवर बसलेल्यांना तिसऱ्यांदा विचारले.

निरोप प्रत्येकाच्या फोनवर होता. 'सरकारी हुकूम! उद्यापासून सगळे नंबर सादाप होणार. आधी एक ते चाळीस. सगळ्यांना कळवा.' सादाप, म्हणजे फोनवरचे बोलणे चोरून ऐकणार. वाडीत घरे नेमकी चाळीस. त्यातच नवा टॉवर उभारणारा आफदाल त्याच आठवड्यात वर चढलेला सर्वांनी पाहिला होता. एवढे पुरले. लोकांनी फोन तांदळाच्या डब्यांत कोंबले आणि आफदालचे नाव 'कान' पडले.

हा कान पुढच्या महिन्यात याच घरचा जावई व्हायचा होता. रीतीप्रमाणे नवऱ्या मुलाला त्याच्या घरून वाजतगाजत आणायला जायचे, की लग्न ठरताना त्यांच्याकडे ठेवलेली खूण परत मागायची, हे आज दुपारच्या आत ठरणार होते. रोस्मानीदार यांची नात विर्दा, म्हणजे नवरी, स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"उनी, सगळं जग म्हणतंय," दातुक म्हणाले. ते कुळाचे मुखिया खरे. पण उनीपुढे, म्हणजे थोरल्या बहिणीपुढे, त्यांचा आवाज नेहमीच अर्ध्यावर येई.

"जगाचा नंबर दे. मी फोन करून विचारते."

"आता जगाचा नंबर कसा..."

"कचेरीत विचारलंस?"

"कचेरी कशी सांगेल? हुकूम त्यांचाच ना!"

"म्हणजे विचारलं नाहीस. पेपरात वाचलंस? तेही नाही. आणि एवढ्यावर माझ्या नातीचं लग्न मोडायला निघालास." रोस्मानीदार यांनी पानाची तबकडी बाजूला सारली. "फोन काढा सगळ्यांनी. ज्या बोलण्याला आई नाही, त्याला या घरात बसायला जागा नाही. उलट्या पावली चालत जाऊ. यूलिनार, तुला कुणी पाठवलं?"

यूलिनार ही त्यांची लेक, विर्दाची आई. रोस्मानीदार यांना ती आणि घरची गडीमाणसेही आमाक, म्हणजे आई, म्हणत. ती पुटपुटली, "टपरीवाल्या इजुननं. पण आमाक, त्यात 'सरकारी हुकूम' नव्हतं."

"मग ते कुणी घातलं?"

"मी. नुसतंच कोरडं दिसत होतं."

कुणीतरी खोकल्यात हसू दडवले. यूलिनारने खिडकीतून इजुनला हाक मारली. तो खालूनच ओरडला, "मला शाफनिलच्या बायकोनं पाठवलं! माझ्यावर नको!"

शाफनिल उंबऱ्याशीच बसला होता. घराण्याच्या जमिनीवरचे गुळाचे माड तोच राखत असे. साऱ्या माना त्याच्याकडे वळल्या, तसा तो आणखी अंग चोरून बसला.

"आमाक, राहू दे ना. टॉवरवाल्याची माफी मी मागतो."

"माफी नंतर. आधी निरोप दाखव."

"लिहिलेला नाहीये. आवाज आहे. बायकोनं ऐकून उतरवला, तिला वाटलं फोनचंच आहे."

"मग ऐकव."

त्याने डोळे मिटून बोट दाबले. आणि घरभर रोस्मानीदार यांचाच करारी आवाज घुमला: "शाफनिल, उद्यापासून सगळे नंबर सादाप करायचे. आधी एक ते चाळीस. सगळ्यांना कळव."

झाडाचा रस काढणे, त्यालाही सादापच म्हणतात. उतारावरच्या माडांवर चुन्याचे आकडे रोस्मानीदार यांनी स्वतः उभे राहून घालून घेतले होते. 'सगळ्यांना' म्हणजे माडावर चढणाऱ्या पाच गड्यांना.

दातुक पुढे सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "शाफनिल, पुसून टाक ते. नाव टपरीवाल्याचं सांगू. या घराचा शब्द खाली पडता कामा नये."

शहात्तर वर्षांत रोस्मानीदार यांनी कुणाची माफी मागितली नव्हती, आणि हे आसपासच्या तीन गावांना ठाऊक होते. त्यांनी डोक्यावरचे वस्त्र नीट केले आणि फोन हातात घेतला.

"मी रोस्मानीदार. वरच्या वाडीची. एक ते चाळीस हे माझे माड आहेत, तुमचे फोन नव्हेत. ते शब्द माझेच. अर्धवट बोलले, ही चूकही माझी. कुणाचा फोन कुणी ऐकतो, हे मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक असेल त्यानं स्वतःचं नाव घेऊन बोलावं आणि पुरावा दाखवावा. आफदालवर आळ आला तो माझ्यामुळे. त्याच्या आईपुढे मी दहा बोटं जोडते." फोन त्यांनी लेकीच्या हाती दिला. "पाठव सगळ्यांना. त्याच्या आईला सगळ्यांत आधी. आणि एक अक्षरही वर घालू नकोस."

डब्यात कोंबलेले फोन पूर्ण बंद कुणीच केले नव्हते. नवी बातमी चुकली असती ना! थोड्याच वेळात इजुनच्या टपरीवरून तो आवाज उठला, मग शेजारच्या खिडकीतून, मग पलीकडच्या उतारावरून. चाळीस घरांतून, मागेपुढे, रोस्मानीदार आपले नाव सांगत होत्या. टपरीवर कुणीतरी खदखदून हसले, आणि मग तिथूनच आरोळी आली, "आफदाल, टॉवरवरून खाली उतर रे! कॉफी माझ्याकडून!"

इतक्यात यूलिनारच्या हातातला फोन वाजला. दाराआडची विर्दा लाज विसरून बाहेर आली आणि तिनेच बटण दाबले.

"मी देस्मावाती, आफदालची आई. खूण परत करायला आमचा माणूस आमच्या उंबऱ्याबाहेर पडला होता, त्याला हाक मारून मागे बोलावलंय. मुलाला न्यायला कधी येताय?"